अक्षर कोणाचे, तेही सांगा

हस्ताक्षर ओळखणाऱ्या संगणकावरील संशोधनाविषयीचा लेख (रविवार पुरवणी) वाचला. त्यात सगळे श्रेय गणिती पद्धतीला दिले आहे, ते पटले नाही. संगणकशास्त्रज्ञ यान लकून व सहकाऱ्यांनी १९८९मध्ये अमेरिकी टपालावरचे हस्तलिखित अंक न्यूरल नेटवर्ककडून (नमुने पाहून शिकणाऱ्या संगणकीय रचनेकडून) वाचून घेतले, हे काम मोठेच. पण पुढे जगभर वापरल्या गेलेल्या ‘एमनिस्ट’ या हस्तलिखित अंकांच्या संचाची हकिगत अधिक बोलकी आहे. मूळ साहित्यात यंत्राच्या शिकवणीचे अंक अमेरिकी जनगणना कर्मचाऱ्यांनी लिहिलेले होते, तर त्याच्या परीक्षेचे शाळकरी मुलांनी. पहिले नीटनेटके, दुसरे गिचमिड (मुलांचे अक्षर ते!). अशा परीक्षेतून यंत्राची पारख होईना, म्हणून दोन्ही मिसळून ६०,००० अंक शिकवणीला आणि १०,००० चाचणीला ठेवण्यात आले. घाईत लिहिलेल्या, डोके उघडे राहिलेल्या इंग्रजी नऊचे नमुने यंत्राला कधी दाखवलेच नसतील, तर ते त्याला बिनदिक्कत चार म्हणणार. तेव्हा अचूकतेची टक्केवारी छापताना नमुने कोणाच्या हातचे होते, तेही त्याच ओळीत छापावे.

– एक वाचक