बंदूक मागण्याआधी हरणं मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हरभरा वीतभर झाला की आमच्या औसा तालुक्यातल्या शिवारात हरणांचे कळप उतरतात आणि पारावर तोच विषय निघतो. यंदा कुणाच्या तरी मोबाइलवर अमेरिकेतला व्हिडिओ आला. बर्फ, नारिंगी जाकिटं घातलेली माणसं आणि गाडीत टाकलेलं हरीण. ‘तिथलं सरकार शिकारीचा परवाना देतं, मग आम्हाला का नाही?’ असं पोरं विचारतात. लेकीच्या बाळंतपणासाठी मी मिनेसोटा राज्यात डुलुथला होते, तेही नोव्हेंबरात, ऐन शिकारीच्या हंगामात. व्हिडिओत जे दिसत नाही ते डोळ्यांनी पाहिलं, म्हणून हे पत्र.

लेकीची शेजारीण सत्तरीची. नवरा गेल्यापासून एकटीच शिकारीला जाते. मी माळकरी, हे जावयांनी तिला सांगितलं, तर म्हणाली, ‘नुसतं बसायला या.’ पहाटे पाचला आम्ही तिघं निघालो. मलाही नारिंगी जाकीट घालायला लावलं. शिकाऱ्याला तिथं तसा भडक रंग सक्तीचा आहे, झाडीत माणूस लांबून ओळखू यावा म्हणून. मचाण आपल्या जागलीच्या माळ्यासारखंच, फक्त चारी बाजूंनी फळ्या ठोकलेलं. थंडी उणे नऊ. तोंडावरच्या रुमालावर श्वासाचा बर्फ होत होता. सूर्य उगवायच्या अर्धा तास आधी बार काढायची मुभा सुरू होते, त्याआधी नाही. म्हणून ती घड्याळाकडे बघत बसलेली.

साडेआठच्या सुमारास एक मादी आली, मागं त्या वर्षीचं पिल्लू. खुरानं बर्फ उकरायची, काहीतरी तोंडात घ्यायची, मान वर करून कान फिरवायची. तीस पावलांवर असेल. शेपटी उचलली की खालचा पांढरा भाग चमकायचा. मी मनात विठ्ठल विठ्ठल म्हणत होते. बाईनं बंदूक मांडीवरून उचलली नाही. मला वाटलं, माझ्यामुळं. तसं नव्हतं. त्या वर्षी त्या पट्ट्यात फक्त नर मारायची परवानगी होती.

कारण तिनं परतताना सांगितलं. तिथलं वन्यजीवांचं सरकारी खातं हिवाळा किती कडक गेला त्याचे गुण मोजतं. जमिनीवर १५ इंच किंवा जास्त बर्फ असला की त्या दिवसाचा एक गुण. पारा उणे १८ वर किंवा त्याखाली गेला तर आणखी एक. नोव्हेंबर ते मे ही बेरीज चालते. बेरीज फार झाली म्हणजे बर्फात हरणं उपाशी मेली, पिल्लंही कमी होणार. मग पुढच्या हंगामात माद्या राखायच्या. जे हरीण मारलं त्याची ४८ तासांत नोंद करायची. मांस विकायचं नाही. परवान्याचा पैसा वन्यजीवांच्याच कामाला लागतो, आणि १९३७ च्या कायद्यानं बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसाही तिकडंच जातो. बंदूक या सगळ्याच्या शेवटी येते, हे आपल्या पोरांना कुणी सांगत नाही.

आपलं हरीण म्हणजे काळवीट. ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे आणि ते तिथंच राहावं. पण आमच्या शिवारात हरणं मोजायला कुणी आलेलं मी चाळीस वर्षांत पाहिलं नाही. पारावर एक जण दोनशे म्हणतो, दुसरा दोन हजार.

दोन वर्षांपूर्वी आमचा पाऊण एकर हरभरा खाल्ला. नुकसानीचा अर्ज तीन दिवसांत करायचा असतो, आम्ही दुसऱ्याच दिवशी केला. पंचनाम्याला माणूस आला सतराव्या दिवशी. तोवर पाणी दिलेलं, खुरांचे ठसे पुसलेले. ‘फुटवे तर चांगलेत,’ म्हणून निघून गेला. हरभरा खुडला की फुटतो, हे कुणाही शेतकऱ्याला ठाऊक आहे. पण रोज रात्री खुडला तर घाटे कुठून लागतील? तरी आम्ही कुंपणात वीज सोडली नाही, सोडणारही नाही.

त्याच उन्हाळ्यात आमच्या कठडा नसलेल्या विहिरीत एक मादी पडली. मुलानं आणि शेजाऱ्यानं चऱ्हाटाला बाज बांधून ती वर काढली. बरगड्या लटलट हलत होत्या, डोळे सताड उघडे. मोकळी केल्यावर चार पावलं लंगडली आणि मग अशी सुटली की बांधापलीकडं फक्त धुरळा राहिला. जिनं पीक खाल्लं तीच ही असेल, हे माहीत असूनही आम्ही सगळे हसत होतो.

शासनाला माझी विनंती आहे की उन्हाळ्यात पाणवठ्यांवर, गावकऱ्यांना सोबत घेऊन, हरणांची मोजणी करावी. अर्ज आम्ही तीन दिवसांत करतो, तसा पंचनामाही ठसे पुसायच्या आत, वेळेत व्हावा. आणि उघड्या विहिरींना कठडे बांधायला मदत द्यावी. आमच्या विहिरीला आम्ही पदरच्या पैशानं बांधलाय. मोजणीला माणसं कमी पडली तर मी आणि माझा मुलगा रात्रभर बसू. जागलीची सवय आहे.

आपली,
एक शेतकरी महिला
ता. औसा, जि. लातूर