कल्लोनीला निघालेल्या सायलीस

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

काल फोन तू ठेवलास की रेंज गेली, ते विचारत नाही. ग्रीसच्या त्या लेस्बॉस बेटावर जा, एकटी जा. भाड्याच्या गाडीबद्दल मी आता काही बोलणार नाही.

रात्री स्काला कल्लोनीबद्दल वाचत बसलो. एवढंसं बंदर, पण एप्रिल-मे आला की युरोपभरचे पक्षीवाले तिथे गोळा होतात. मिठागरांत रोहित (फ्लेमिंगो), शेकाटे. आफ्रिकेतून उत्तरेला निघालेले पाहुणे वाटेत उतरतात. रस्ता मिठागरांना लागूनच आहे, लोक गाडीतूनच दुर्बीण लावतात म्हणे. गाडी नीट कडेला लाव आणि मगच दुर्बीण. तिथे उजव्या बाजूने चालवतात. बघ, आलोच परत तिथे.

पण उरण आठवतं ना? स्कूटरवर मागे बसून ‘बाबा, शेकाट्या!’ म्हणत तू माझी कॉलर अशी ओढलीस की आपण दोघं मिठागराच्या बांधावरून खाली जायचे तेवढे वाचलो. तुझी चप्पल गाळात गेली, आणि तू त्या लांब गुलाबी पायांवरून नजर हलवेनास. रस्ता तुला तेव्हाही दिसला नव्हता.

असो. लेक्चर झालं, माफ कर.

अख्लादेरीच्या पाइनच्या रानात क्रूपरचा नटहॅच हा छोटा पक्षी शोध. ग्रीसमध्ये तो फक्त याच बेटावर सापडतो. दिसला तर आधी मला कळव, संजूकाकाला नंतर. कल्लोनीच्या आखाताकाठी इ.स.पूर्व 345 च्या सुमारास ॲरिस्टॉटल मासे निरखत होता. थंडीत इथले मासे बाहेर खुल्या समुद्रात जातात, हेही त्याने लिहून ठेवलंय.

आणि तारली! होडीवरच मीठ लावतात आणि त्याच दिवशी साल सोलून, न शिजवता खातात. आजीला सांगितलं तर ‘कच्चीच?’ म्हणाली आणि जेवेपर्यंत गप्प. खरा हंगाम जुलै-ऑगस्टचा, तुला भाजलेला ऑक्टोपस तरी मिळेल. सोबत ऊझो, ती बडीशेपेच्या चवीची ग्रीक दारू, घ्यायची तर घे, मी काही म्हणत नाही, पण त्या दिवशी गाडीची किल्ली खोलीवरच ठेव.

ऑफिसात सगळ्यांना सांगितलंय, मुलगी पक्षी बघायला ग्रीसला चाललीय. निम्म्यांना वाटलं नोकरी लागली. मी खुलासा केला नाही.

विमा पूर्ण घे. आणि परत देताना टाकी भरून दे, नाहीतर ते लोक दुप्पट लावतात.

तुझा,
बाबा