विश्वाचा अभ्यास करणाऱ्याचं मोल दोन वर्षांत कसं ठरवणार?

मा. विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री यांस,
स. न. वि. वि.

नेमणूक असो, बढती असो की प्रकल्पाचा निधी, संशोधकाच्या अर्जात ‘संशोधनाचा प्रभाव’ हा रकाना आता हमखास असतो. एकूण सायटेशन (इतरांनी आपल्या निबंधांचे दिलेले संदर्भ), एच-इंडेक्स (निबंधांची संख्या आणि त्यांचे संदर्भ यांवरून काढलेला एक आकडा), ज्या नियतकालिकांत निबंध छापून आले त्यांचे इम्पॅक्ट फॅक्टर (त्यांतल्या निबंधांना सरासरी किती संदर्भ मिळतात तो आकडा), असं सगळं त्यात भरायचं. आकडे मागण्यात गैर नाही. समितीपुढे अर्जांचा ढीग असला की चाळणी लागतेच. पण विश्वरचनाशास्त्राच्या, म्हणजे विश्वाचा आरंभ आणि घडण अभ्यासणाऱ्या शाखेच्या, बाबतीत या चाळणीतून काय निसटतं, हे आपल्या खात्याने एकदा तपासावं, म्हणून हे पत्र.

भौतिकशास्त्रज्ञ अमलकुमार रायचौधुरी यांचंच घ्या. 1950च्या दशकात ते कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये होते. संस्थेला त्यांच्याकडून धातूंच्या गुणधर्मांवरचं काम हवं होतं. सापेक्षतेचं, म्हणजे आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांताचं, वेड त्यांचं स्वतःचं. 1955 साली ‘फिजिकल रिव्ह्यू’मध्ये त्यांचा एकट्याच्या नावाचा शोधनिबंध आला. आइन्स्टाइनच्या समीकरणांनुसार विश्व काळात मागे मागे नेलं तर घनता अनंत होते. हे खरंच गुरुत्वाकर्षणामुळे होतं, की विश्व सगळीकडे आणि सगळ्या दिशांना सारखं आहे असं आपण हिशेबाच्या सोयीसाठी धरलं म्हणून? रायचौधुरींनी ते गृहीतक बाजूला ठेवलं. केवळ गुरुत्वाकर्षणाखाली जाणाऱ्या कणांचा एक झुबका घेतला आणि त्याचं आकारमान काळानुसार कसं बदलतं याचं समीकरण मांडलं. नेहमीचं द्रव्य झुबका आवळत नेतं. झुबक्याचा आकार विकृत झाला तर तीही आवळण्याला मदतच. विश्वस्थिरांक (विश्वाला प्रसरणाकडे ढकलणारी आइन्स्टाइनच्या समीकरणांतली संज्ञा) वगळला, तर विरोध करते ती फक्त झुबक्याची भोवऱ्यासारखी गती.

दहा वर्षांनी, 1965 साली, ब्रिटिश गणिती रॉजर पेनरोज यांनी तारा एका मर्यादेपलीकडे कोसळला की सिंग्युलॅरिटी, म्हणजे जिथे समीकरणंच कोलमडतात अशी अवस्था, टळत नाही हे सिद्ध केलं. पाठोपाठ हॉकिंग यांनी तोच विचार विश्वाच्या आरंभाला लावला. दोन्ही सिद्धतांचा कणा म्हणजे हे आवळत जाणं, रायचौधुरी समीकरण. पेनरोज यांना नोबेल मिळालं 2020 साली. मूळ निबंधापासून पासष्ट वर्षांनी. नेहमीचा इम्पॅक्ट फॅक्टर मागच्या दोन वर्षांतल्या निबंधांचे संदर्भ मोजतो!

यातली खरी गंमत पुढे आहे. हे समीकरण आता पाठ्यपुस्तकात गेलंय. त्यामुळे ते वापरणारे पुष्कळ जण नाव घेतात, मूळ निबंधाचा संदर्भ देत नाहीत. काम इतरांच्या कामाचा पाया झालं की मोजणीतून गळतं.

उलटही घडतं. मार्च 2014मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-2 प्रयोगाने विश्वाच्या आरंभीच्या गुरुत्वीय लहरींची (अवकाशातच उठणाऱ्या तरंगांची) खूण सापडल्याचं जाहीर केलं. काही महिन्यांत त्यावर शेकडो निबंध लिहिले गेले, म्हणजे सायटेशनचा पाऊस. 2015च्या सुरुवातीला, विश्वाच्या सर्वांत जुन्या प्रकाशाचा नकाशा करणाऱ्या प्लँक उपग्रहाच्या निरीक्षणांसह एकत्र विश्लेषण झालं आणि त्या संकेताचा मोठा भाग आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचा निघाला. ते उपकरण उत्तम होतं, त्या चमूबद्दल मला आदरच आहे. पण सायटेशनचा आकडा बरोबर निष्कर्ष आणि चुकीचा निष्कर्ष यांत फरक करत नाही, एवढं यातून दिसतं.

आणि ज्यांचं बरोबर ठरतं, ते तोवर टिकायला हवेत. राल्फ आल्फर आणि रॉबर्ट हर्मन या भौतिकशास्त्रज्ञांनी 1948 साली सांगितलं होतं की विश्वाच्या तप्त आरंभाचं उरलंसुरलं प्रारण (रेडिएशन) आज सुमारे 5 केल्विनचं, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या जेमतेम वरचं, असेल. 1965 साली पेन्झियस आणि विल्सन यांना ते सापडलं तेव्हा या दोघांच्या भाकिताची फारशी कुणाला आठवणही नव्हती. आल्फर तोवर जनरल इलेक्ट्रिकमध्ये गेले होते, हर्मन जनरल मोटर्समध्ये. 1978चं नोबेल शोध लावणाऱ्यांना मिळालं.

आणखी एक पेच. प्लँकच्या 2018च्या निष्कर्षांमधल्या मुख्य निबंधावर दीडशेहून अधिक नावं आहेत आणि त्याचा संदर्भ हजारोंनी दिलाय. त्यातल्या प्रत्येकाच्या खात्यावर ते सगळे हजारो संदर्भ जमा होतात. शेजारच्या खोलीत एकटीने तीन वर्षं एक गणित सोडवणारीचा एच-इंडेक्स यापुढे काय दिसणार? शिवाय त्या दीडशेंमध्येही कुणी उपकरणातला गोंगाट वेगळा केला, कुणी धुळीचा नकाशा केला, हे आकड्यातून कळत नाही. कॅम्बसारखी संगणक-प्रणाली घ्या. 2000 सालापासून जगभरातले विश्वरचनाशास्त्रज्ञ आपले सिद्धांत निरीक्षणांशी ताडून पाहायला ती वापरतात. अशी प्रणाली वर्षानुवर्षं दुरुस्त ठेवणं हे संशोधनच आहे, पण अर्जात त्याला रकाना नसतो.

‘मग निवड कशी करायची?’ असं आपले अधिकारी विचारतील. विचारावंच. अर्जदाराला त्याची एकूण यादी मागू नका. स्वतःला महत्त्वाची वाटणारी पाच कामं मागा. त्यांत निबंध, प्रणाली, माहितीसंच, काहीही चालावं. प्रत्येकापुढे दोन परिच्छेद: यात माझा हात नेमका कुठे, आणि हे झालं नसतं तर पुढचं कोणतं काम अडलं असतं. मग त्याच शाखेतल्या तिघांनी ती कामं वाचावीत, मोजू नयेत, आणि आपलं मत कारणांसह लेखी द्यावं. आकडे राहू देत, पण शेवटच्या पानावर. मी अशा समित्यांवर बसलो आहे. निबंध उघडण्याआधीच क्रमवारी लागलेली पाहिली आहे, म्हणून शेवटचं पान म्हणतो.

याला वेळ लागेल, परीक्षकांना मानधन द्यावं लागेल. म्हणून सुरुवातीला फक्त सैद्धांतिक भौतिकी आणि विश्वरचनाशास्त्राच्या पुढच्या निधीफेरीत हे करून पाहावं. त्याच फेरीची आकड्यांनुसार लागणारी यादीही तयार ठेवावी आणि दोन्ही याद्या, नावं झाकून, प्रसिद्ध कराव्यात. किती नावं वेगळी निघतात ते सगळ्यांनाच पाहता येईल.

कळावे,
भौतिकशास्त्राचा एक अध्यापक