ऑफिसच्या डिरेक्टरीत मराठी नावाला जागा द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सरकारी वेबसाइट मराठीत झाल्या, फॉर्म मराठीत आले, पण ऑफिसच्या आतल्या डिरेक्टरीबद्दल कुणी बोलतच नाही म्हणून लिहितोय. डिरेक्टरी म्हणजे ज्या यादीवर लॉगिन चालतं, मेलमध्ये नाव टाइप करायला घेतलं की पत्ता समोर येतो, कोण कुठल्या विभागात आहे ते कळतं. मी जिथे जिथे सिस्टिम सांभाळली तिथे या यादीत माणसांची नावं फक्त रोमन लिपीत होती, आणि मग चौधरीत डब्ल्यू आहे का यू, वैद्यच्या शेवटी ए लावलाय का नाही, हे ज्याला माहीत त्यालाच माणूस सापडणार.

विचारलं की व्हेंडर सांगतो, "सर, सिस्टिममध्ये मराठी सपोर्ट नाही." हे एकेकाळी खरं होतं. १९८८ साली सीसीआयटीटीने, म्हणजे टेलिकॉमचे नियम ठरवणाऱ्या आजच्या आयटीयू-टीने, एक्स ५०० हे डिरेक्टरीचं स्टँडर्ड काढलं तेव्हाच्या टी ६१ कॅरेक्टर सेटमध्ये, म्हणजे वापरता येणाऱ्या अक्षरांच्या संचात, देवनागरी नव्हतीच. शिवाय ते प्रकरण इतकं जड की साध्या पीसीला झेपायचं नाही, म्हणून मिशिगन विद्यापीठातल्या टिम होव्स आणि सोबतच्यांनी टीसीपी/आयपीवर, म्हणजे इंटरनेटच्याच नियमांवर, चालणारं हलकं एलडॅप आणलं. एलडॅप म्हणजे डिरेक्टरीला माहिती विचारायची पद्धत, आणि त्याचं पहिलं आरएफसी, म्हणजे इंटरनेटचे नियम जिथे छापतात तो दस्तऐवज, १९९३ चं. पण १९९७ च्या तिसऱ्या व्हर्जनपासून एलडॅपमध्ये मजकूर यूटीएफ-८ मध्येच जातो, ज्यात जगातल्या बहुतेक लिप्या बसतात, म्हणजे देवनागरी आपोआप आलीच. आणि १९९९ मध्ये आरएफसी २५९६ ने भाषेचा टॅगही दिला (२००४ पासून त्याच्या जागी ३८६६ आहे). सीएन (कॉमन नेम) या माणसाच्या नावाच्या अॅट्रिब्यूटपुढे, म्हणजे रकान्यापुढे, सेमीकोलन देऊन लँग-एमआर लिहायचं की ते झालं मराठी नाव, रोमन नाव शेजारी तसंच राहतं, आणि नुसतं सीएनवर शोधलं तरी दोन्हीत शोध होतो. ओपनएलडॅप हे डिरेक्टरीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात हे चालतं. एखादं प्रॉडक्ट टॅग घेत नसेल तर स्कीमात, म्हणजे डिरेक्टरीच्या रकान्यांच्या आराखड्यात, मराठी नावाचं वेगळं अॅट्रिब्यूट जोडता येतं, तीही सोय स्टँडर्डमध्येच आहे.

राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे, मराठी ही राज्याची भाषा आहे, आणि इथल्या कर्मचाऱ्याचं नाव त्याच्याच ऑफिसच्या यादीत त्याच्या लिपीत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. टेंडरमध्ये एक ओळ हवी, की मराठी नाव साठवता आणि शोधता आलं पाहिजे, आणि माल ताब्यात घेताना ते करून बघा.

करून बघताना कऱ्हाडकर, गोऱ्हे अशी आडनावं मुद्दाम टाका. आपला हा ऱ्ह कीबोर्डवरून दोन प्रकारे येतो, एक नुक्ता असलेल्या ऱ पासून आणि दुसरा साध्या र ला हलन्त देऊन पुढे न दिसणारा जॉइनर टाकून. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण एलडॅपच्या तुलनेच्या नियमात (आरएफसी ४५१८) तो जॉइनर गाळला जातो, ऱ मात्र ऱ च राहतो, त्यामुळे एका पद्धतीने भरलेलं नाव दुसऱ्या पद्धतीने शोधलं तर सापडत नाही. यावर उपाय एकच, नाव भरताना आणि शोधताना दोन्ही वेळेला सॉफ्टवेअरने दोन्ही रूपं एकसारखी करून घ्यायची. हेही टेंडरमध्ये लिहा, कारण डेमोला पाटील आणि जोशी दाखवून सगळं बरोबर चाललंय असं वाटतं.

आपला,
एक सिस्टिम अॅडमिन, नाशिक