घर तुमच्याच नावावर राहू द्या

इंदिरानगर, नाशिक
रविवार, रात्र

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

इंदिरानगरहून जेल रोडला यायला अर्धा तास लागतो आणि ही पत्र काय लिहीत बसलीय, असं आई म्हणणार. म्हणू दे. समोर बसलं की बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात, आई पोहे करायला उठते आणि माझं बोलणं तसंच राहून जातं. कागद वाचताना तरी निदान मला ते दिसणार नाही.

गुरुवारी बाबांचा फोन आला तेव्हा माझ्या टेबलासमोर कर्जाला आलेला एक शेतकरी आणि त्याचे दोन जामीनदार बसले होते. बाबा, तुम्ही एका दमात सांगून टाकलंत. वकिलाशी बोलणं झालंय, घराचं बक्षीसपत्र तुम्हा बहीण-भावाच्या नावे करतो, मुलांना राहतं घर द्यायचं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये लागतं, एकदाचा मोकळा होतो. मी "बघू" म्हटलं आणि फोन ठेवला. त्या 'मोकळा होतो'ने माझ्या दोन रात्री खाल्ल्या.

२०१६ साली आपण तिघं 'नटसम्राट' सिनेमा बघायला गेलो होतो, आठवतं? आई मध्यंतरापासूनच पदर डोळ्याला लावून होती. बाबा, तुम्ही पार्किंगमध्ये गाडीची किल्ली शोधता शोधता म्हणालात, "मुलंच तशी निघाली, त्याला बाप काय करणार." तेव्हा मी काही बोलले नाही. पुढे सावानातून, म्हणजे आपल्या सार्वजनिक वाचनालयातून, मूळ नाटक आणून वाचलं, १९७० चं, आणि मला त्यातल्या बापाचा, आप्पा बेलवलकरांचाच राग आला. माणूस आयुष्यभर टाळ्यांत जगला, म्हणून घर-पैसाही त्याने टाळी घेतल्यासारखा वाटून टाकला. मुलाला, नंदाला, आणि मुलीला, नलूला, विचारलं कुणी, की बाबांनो, हे घेताय त्याबरोबर आम्ही दोघंही येतो, झेपेल का? बायकोला, कावेरीलाही विचारलेलं नाही. आप्पा तिला 'सरकार' म्हणतात, पण सरकारची सही लागत नाही.

नलूला शिव्या घालणं सोपं आहे. सिनेमातल्या मुलीला सगळं थिएटर घालत होतं. मी घातल्या नाहीत, कारण मला ती ओळखीची वाटली. माझं घर दोन खोल्यांचं. सासूबाईंचा गुडघा, मुलाची दहावी, यांची शिफ्ट. उद्या तुम्ही घर देऊन मोकळे झालात आणि चार वर्षांनी आमच्याकडे राहायला आलात, तर एखाद्या मार्चअखेरच्या संध्याकाळी बँकेतून थकून आल्यावर माझ्या तोंडून काय निघेल, याची मला खात्री नाही. मी वाईट नाही, एवढं मला माहीत आहे. नलूही सुरुवातीला वाईट नसणार. म्हणून म्हणते, मला नलू व्हायच्या जागेवर नेऊन बसवू नका.

(जाता जाता एक. 'नटसम्राट' लिहिणाऱ्या तात्यासाहेब शिरवाडकरांचं जन्मनाव गजानन रंगनाथ. लहानपणी काकांकडे दत्तक गेले आणि विष्णु वामन झाले. मोठ्यांनी घरात बसून एक गोष्ट ठरवायची आणि मुलाचं नाव, बाप, घर सगळं बदलायचं, हे त्या माणसाने स्वतः पाहिलेलं होतं. त्याचा नाटकाशी धागा जोडायला मी काही समीक्षक नाही. पण त्यांच्या घरावरून, टिळकवाडीतून जाताना माझ्या मनात हे येतंच.)

बाबा, तुम्ही मला पहिल्यांदा पंचवटीत नेलंत तेव्हा मी सहा-सात वर्षांची असेन. सीतागुंफेच्या अरुंद वाटेने वाकून आत गेलो, बाहेर आल्यावर मी विचारलं, राम इथे कशाला आला होता? तुम्ही म्हणालात, वडिलांचा शब्द पाळायला. शब्द कुणी दिला होता? वडिलांनी. मग तेच का नाही आले? तुम्ही मला रामकुंडाकडे नेऊन उसाचा रस पाजलात. रस चांगला होता, उत्तर मात्र अजून मिळालेलं नाही.

आपल्या गावाचं सगळं माहात्म्य एका बापाच्या शब्दावर उभं आहे. दशरथाने कैकेयीला वर देऊन ठेवले होते. त्याच्याही आधी, तरुणपणी, आवाजाच्या रोखाने बाण मारून त्याने आंधळ्या आई-बापांचा मुलगा मारला होता आणि पुत्रशोकाने मरशील असा शाप घेतला होता. दोन्ही हिशेब त्याच्या स्वतःच्या खात्यातले. चौदा वर्षं वनवास मात्र मुलाच्या खात्यात पडला, सुनेच्या पडला आणि ज्याचा काही संबंध नव्हता त्या लक्ष्मणाच्याही पडला. कीर्तनात रामाचं आज्ञापालन सांगतात. वाल्मीकींच्या अयोध्याकांडात लक्ष्मण बापावर असा भडकतो की तो भाग कीर्तनकार भराभर उरकतात. रामायणाने तो राग खोडला नाही, हे मला फार बरं वाटतं. राग येऊनही तो भावाबरोबर गेला, हेही खरं.

आता आपल्या घरातलं.

मी दहावीत होते. आईची पद्धत अशी की एक तारखेला पगाराचं पाकीट देवापुढे ठेवायचं, हळद-कुंकू लावायचं आणि मग स्वयंपाकघरात पाटावर बसून पैसे डब्यांत लावायचे. किराण्याचा डबा, दुधाचा, शाळेचा, आणि एक बोर्नव्हिटाचा जुना डबा माझ्या बारावीनंतरच्या शिक्षणाचा. त्या दिवशी तिने नोटा दोनदा मोजल्या. मग पगाराची चिठ्ठी उजेडात धरली आणि मला हाक मारली, "हे काय लिहिलंय गं?" कपातीच्या रकान्यात एका पतसंस्थेचं नाव होतं. दिवसभर प्रेसमध्ये नोटा छापणाऱ्या माणसाच्या घरात त्या महिन्यात दुधाच्या डब्यात घालायला पैसे उरले नव्हते.

धाकट्या काकांच्या द्राक्षबागेच्या कर्जाला तुम्ही जामीन राहिला होतात. बाग फुलोऱ्यात असताना पाऊस झाला, डाऊनी हा बुरशीचा रोग आला, घड गळून गेले. काकांचा त्यात काय दोष, हे मला तेव्हाही कळत होतं. हप्ते थकले आणि वसुली तुमच्या पगारावर आली. सहा वर्षं. बोर्नव्हिटाचा डबा पहिल्या वर्षीच रिकामा झाला. मला बारावी सायन्सला चांगले मार्क होते, इंजिनिअरिंगला नंबर लागत होता, फी नव्हती. मी बीकॉम झाले. सहा वर्षांनी धाकट्याची बारावी झाली तोवर कर्ज फिटलेलं होतं, तो इंजिनिअर झाला. त्याचा त्यात काही दोष नाही, आणि तुम्ही मुलगा-मुलगी असा हिशेब केला नाहीत, हेही मी मान्य करते. फक्त तारखा तशा पडल्या. पण ज्याच्या वाट्याला तारीख वाईट येते त्याला ते 'फक्त' वाटत नाही, बाबा.

आईने तेव्हा तुम्हाला एकच विचारलं होतं, "सही करताना मला सांगितलं का नाही?" तुम्ही म्हणालात, "भावाला शब्द दिला होता." आईने डबे परत फळीवर लावले. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं.

त्या सुमारास मी 'झोंबी' वाचलं. १९८७ चं पुस्तक, वाचनालयातल्या प्रतीची पानं सुटलेली. आनंद यादवांचा बाप मुलाला शाळेतून काढून मळ्यात जुंपतो आणि मुलगा शिकण्यासाठी बापाशीच झुंजतो. मला तुमच्यावर भरपूर चिडायचं होतं, आणि पुस्तकाने मला अडचणीत आणलं. कारण दर शनिवारी प्रेसमधून सुटल्यावर सायकलवर मला डबलसीट घेऊन जेल रोडवरून थेट टिळक पथावरच्या वाचनालयात नेणारे तुम्हीच. वर्गणी त्या सहा वर्षांतही थांबली नाही. कशातून भरत होतात, ते अजून कळलेलं नाही.

आणि आईचं 'श्यामची आई'. जेलच्या भिंतीजवळून जाताना तू दरवेळी सांगायचीस, साने गुरुजींनी ते १९३३ मध्ये ह्याच तुरुंगात लिहिलं, इथेच, आपल्या घरापासून एवढ्या जवळ. लाइट गेली की कंदिलाशी बसून तू एकेक रात्र वाचायचीस. पाय मळू नयेत म्हणून श्याम जपतो, तसा मनालाही जप, ही गोष्ट सगळ्यांना पाठ. पण त्या पुस्तकात एक बापही आहे, भला, अब्रूदार, कर्जात बुडालेला. सावकाराचा माणूस दारात येतो तेव्हा अपमान आईला गिळावा लागतो. आपण आईचे संस्कार लक्षात ठेवतो आणि बापाचं कर्ज विसरतो. मला ते विसरता आलं नाही, कारण वाचताना तुझा आवाज नेमका त्याच पानांवर बसायचा. "धूर झालाय कंदिलाचा," असं म्हणायचीस.

मी आज काय करते? एका बँकेत कर्जाच्या टेबलावर बसते. हा योगायोग असेल तर असो. जामीनदार सहीला वाकला की मी पेन धरते आणि विचारते, "घरी सांगितलंय का?" साहेब वैतागतात, लाइन वाढते म्हणून. गुरुवारच्या त्या दोघांपैकी एक जण लाजून हसला, बाहेर गेला आणि बायकोला फोन करून आला. परत येऊन त्याने सही केली. त्याची सही मला आवडली. तुम्ही मला जे घडवलंत ते हे असं आहे, बाबा. थोडं तुमच्या शब्दाचं, थोडं आईच्या न बोलण्याचं.

म्हणून आता घराचं. परत तुम्ही एकट्याने ठरवलंत. आईशी बोललात का? ती फोनवर मागून काहीच म्हणाली नाही, आणि तिचं काही न म्हणणं मला चांगलं ओळखता येतं. 'ताट द्यावं, पण बसायचा पाट देऊ नये' हे तिच्याच तोंडचं वाक्य आहे. शेजारच्या आजींचं झालं तेव्हा म्हणाली होती.

बक्षीसपत्र नोंदवलं की घर तेव्हापासून आमचं होतं. तुम्ही त्यात राहता ते आमच्या मर्जीने. आमची मर्जी चांगली आहे हो, पण धाकट्याची नोकरी पुण्यात, त्याच्या डोक्यावर फ्लॅटचं कर्ज, उद्या अडचण आली तर वाटा विकायचा विचार त्याच्या मनात येणारच नाही, असं मी कर्जाच्या टेबलावर बसून कशी म्हणू? मृत्युपत्र करा. ते हयातीत कितीही वेळा बदलता येतं आणि घर शेवटपर्यंत तुमचं राहतं. त्यात तुमच्यामागे घर आधी आईला, मग आम्हाला, असं लिहा. बक्षीसपत्रच करायचा हट्ट असेल तर तुम्हा दोघांना सांभाळायची अट त्यात स्पष्ट लिहा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे मुलांनी ती अट मोडली तर न्यायाधिकरणाकडून ते रद्द करून घेता येतं. पोटची पोरगी असली अट सुचवते म्हणून वाईट वाटून घेऊ नका. दुसऱ्या कुणाला सुचवलं असतं तर तुम्हीच शहाणी म्हणाला असता.

धाकट्याला मी फोन केला होता. तो म्हणाला, "मला तर बाबांनी अजून सांगितलंच नाही." बघा.

पुढच्या रविवारी तो येतोय, मी पण येते. चौघं बसू. फाइल कपाटातून काढून ठेवा, टॅक्सच्या पावत्या निळ्या पिशवीत आहेत. टीव्ही बंद राहील आणि पोहे मी घरून करून आणीन, म्हणजे आईला उठायला कारण मिळणार नाही.

काकांची द्राक्षाची पेटी आली असेल. दर वर्षी ती येते आणि दर वर्षी मी ॲसिडिटीचं कारण सांगून घरी नेत नाही. काकांनी मला कधी विचारलं नाही आणि मीही कधी सांगितलं नाही. या वेळी माझ्यासाठी एक घड ठेवा. एकच. पेटीभर खाण्याइतकी मी अजून मोठी झालेले नाही.

तुमची,
ताई