आई-बाबा, बॉनला होकार कळवलाय

ती. आई आणि बाबा,

फोनवर विषय काढला की बाबा केळीच्या भावावर जातात न आई "जेवलीस का" वर, म्हणून लिहितेय. जर्मनीत बॉनला ताऱ्यांवरच्या संशोधनाचं काम मिळत होतं, ते मी घेतलं. मेल गेलासुद्धा. दोन वर्षं, ऑक्टोबरात निघायचं. आधी विचारलं असतं तर तुम्ही जा म्हणाला असतात आणि रात्रभर दोघं जागत बसला असतात, ओळखते मी.

बाबा म्हणतील, पुण्याजवळ खोडदला जीएमआरटी, एवढी मोठी रेडिओ दुर्बीण, असताना परदेश कशाला? खरंय, फर्मीनं दाखवलेल्या जागा धुंडाळून जीएमआरटीनं पल्सार शोधलेत, पल्सार म्हणजे गरगर फिरत ठोके दिल्यासारखे किरण टाकणारे मेलेले तारे. फर्मी म्हणजे 2008 ला अंतराळात सोडलेली ती गॅमा किरणांची दुर्बीण, साडेपाचशे किलोमीटर वर फिरते कारण गॅमा किरण हवा ओलांडून खाली येतच नाहीत. डेटा सगळ्यांना फुकट, यावलच्या ओट्यावर बसून पण उतरवता येतो, लाईट असली तर! पण नुसता डेटा घेऊन भागत नाही. वेला नावाचा पल्सार सेकंदाला 11 वेळा फिरतो, पण फिक्या पल्सारचे दिवसाकाठी मोजकेच फोटॉन, म्हणजे किरणांचे कण, हाती लागतात, मग वर्षानुवर्षांचे फोटॉन फिरण्याच्या वेळेवर एकावर एक रचायचे तेव्हा कुठं ठोका दिसतो. फर्मीच्या आधी असे गॅमा पल्सार बोटांवर मोजण्याइतके होते, 2023 च्या यादीत 294 आहेत. हे रचण्यात मुरलेली माणसं तिकडे आहेत, आणि एफेल्सबर्गची 100 मीटरची डिश बॉनपासून जवळच, शंका आली की रेडिओतही बघता येतं. पैशासाठी नाही चाललेय हो.

खोलीला हीटर आहे, स्वयंपाकघर आहे, कळण्याचं पीठ नेणारच. आई, थंडीत काय घालशील म्हणून स्वेटर विणायला बसू नकोस, तुझे डोळे दुखतात. उन्हाळ्यात गच्चीवर बाबांच्या पोटावर डोकं ठेवून सप्तर्षी बघताना मी झोपून जायची आणि तुम्ही हात अवघडला तरी हलायचा नाहीत, ते अजून आठवतं मला.

आता ऐका. बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. मोतीबिंदूचं दिवाळीनंतर वगैरे चालणार नाही, मी असतानाच करायचं, मी सुट्टी टाकलीये. दुपारच्या उन्हात बागेत पाणी धरायला जायचं नाही, गडी आहे ना. आणि बिबडे कुरियर करू नका, चुरा होतो, पोळ्याला येतेय तेव्हा डब्यात भरून ठेवा.

तुमची,
ताई