अंदमान कॅन्सल करू नकोस रे

चि. बाळास अनेक आशीर्वाद,

काल फोनवर म्हणालास की पैसे कमी पडायलेत, अंदमान कॅन्सल करतो, तेव्हापासून डोक्यातनं जाईना म्हणून लिहायला बसले, फोनवर तू मला बोलू देत नाहीस. जा रे दोघं. बाबा पंधरा वर्षं पुढच्या वर्षी पुढच्या वर्षी म्हणत राहिले आणि आम्ही गेलो तेव्हा त्यांचे गुडघे गेलेले, मी एकटीच पाण्यात उतरले आणि ते वाळूत बसून माझ्या चपला सांभाळत होते.

आम्ही भिशीच्या पैशात केलंय हे. भाताची मळणी उरकून जानेवारीत गेलो, बेळगावातनं रात्री राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये बसलं की सकाळी बेंगळूर, तिथनं विमान. जास्त पैसा विमानालाच जातो, म्हणून ख्रिसमसची गर्दी सोडून तारीख धर. चेन्नईहून जहाज पण आहे पण त्याला तीनेक दिवस लागतात, तुझी रजा त्यातच संपेल. आणि पोर्ट ब्लेअरचं नाव आता श्रीविजयपुरम आहे, हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप, बुकिंग करताना गोंधळू नकोस.

हॅवलॉक-नीलला जायची बोट मात्र सरकारीच घे. आम्हाला एजंटानं सरकारी मिळतच नाही सांगून जाताना महागडी क्रूझ घ्यायला लावली, येताना मी हट्टानं सरकारी बोटीची तिकिटं काढली, निम्म्याहून कमी पैसे लागले आणि डेकवर वारा खात आलो. तिकिटं लवकर संपतात, आधीच बघून ठेव. हॅवलॉकला जेट्टीवरनं राधानगर बीचला बस मिळते, बीचला तिकीट नाही. गोविंदनगरच्या बाजारात बंगाली लोकांच्या साध्या खानावळी आहेत, फाळणीनंतर तिकडं वसवलेली माणसं ती, मासे-भात पोटभर आणि रिसॉर्टपेक्षा कितीतरी स्वस्त. आणि पहाटे उठायचं हं, घड्याळ आपलंच पण बेटं लांब पूर्वेला, आपल्याकडं संध्याकाळी साडेपाचला ऊन असतं तेव्हा तिथं दिवस बुडतो, दहापर्यंत झोपलास तर दिवस गेलाच. नीलवर सायकल घ्या, बेट लहान आहे, गावांची नावं बहुतेक रामायणातली, भरतपूर लक्ष्मणपूर सीतापूर, मला फार बरं वाटलं.

सेल्युलर जेलला मात्र अर्धा दिवस दे. सात विंग होत्या, आता तीनच उरल्यात. एका विंगचं तोंड दुसरीच्या पाठीकडं, म्हणजे कैद्याला कैदी दिसूच नये. सावरकर 1911 ला तिथं गेले, थोरले बाबाराव पण त्याच जेलात, सख्खे भाऊ आणि एकमेकांचं तोंड बघायची चोरी. बाबा त्या कोठडीत गुडघे धरून खाली बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत, त्यांना असं रडताना मी तुझ्या आजीच्या वेळी बघितलं होतं, त्यानंतर तेव्हाच.

सूनबाईला सांग आईनं जा म्हटलंय. लसणीची चटणी आणि भडंग बसनं पाठवते, किती दिवसांचं पाहिजे ते कळव. कोरल बिरल उचलून आणू नका, बंदी आहे.

तुझी आई
खानापूर